पायी जाणाऱ्यांचा रकाना

मागून हॉर्न वाजला की ते थांबत. बाजूला होत नसत, थांबत. मग सावकाश वळत, डोक्यावरची टोपी काढून हातात घेत आणि ड्रायव्हरला विचारत, "काय म्हणालात?" ड्रायव्हर पुन्हा हॉर्न वाजवी. "माझं नाव हे नाही," असं सांगून ते टोपी घालत आणि मगच कडेला होत. हा कार्यक्रम मी डहाणूच्या बाजारात निदान वीस वेळा पाहिला असेन. त्या काळी गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यामुळे सगळ्या ड्रायव्हरांना ते ठाऊक होते आणि काही जण मुद्दाम वाजवत.

ते आमच्या ऑफिसात ओव्हरसियर होते. ऑफिस रस्त्यांचं. म्हणजे खडी टाकायची, रोलर फिरवायचा, मोऱ्या बांधायच्या आणि मोटारींना वाट करून द्यायची, याचाच त्यांना पगार मिळत होता. आणि त्यांचं आयुष्यातलं एकमेव मत असं होतं, की मोटारीला गावात येऊ देता कामा नये. "जोडे आपण दाराबाहेर काढतो ना? मोटार गावाबाहेर काढावी," असं ते म्हणत. कुणी विचारलं की मग रस्ते कशाला बांधता, तर म्हणत, "रस्ता माणसांसाठी असतो. मोटारीला वाट दिली की ती उद्या घर मागते." हे साठ सालाच्या आसपासचं बोलणं आहे. तेव्हा आम्ही हसत होतो.

मी त्याच ऑफिसात टेम्पररी कारकून होतो. मला मतं नव्हती, फॉर्म होते. त्यांच्याबद्दल मला तेव्हा फार आदर वाटत होता असं म्हणणं खोटं होईल. करमणूक वाटत होती. ऑफिसात त्यांचं नाव 'पायपीट' पडलं होतं आणि ते त्यांनाही माहीत होतं.

आमचे डेप्युटीसाहेब कामं बघायला जीपने जात. हे जीपमध्ये कधी बसले नाहीत. तलासरीकडे काम असलं की आगगाडीने संजाणला उतरत आणि पुढे चालत जात. रेल्वेचं त्यांना वावडं नव्हतं. "ती रुळावरून उतरत नाही, म्हणून सज्जन," असं त्यांचं म्हणणं. साहेबांची जीप धुरळा उडवत पोचे तेव्हा हे दोन तास आधी येऊन बसलेले असत आणि कुठली मोरी कुठे खचली आहे, कुठल्या विहिरीचं पाणी गढूळ झालंय, कुणाच्या शेतात नागली लावली आहे, हे सगळं सांगत. साहेबांना त्यातली फक्त मोरी हवी असे.

ओव्हरसियरच्या मागून मोजणीची साखळी आणि निशाणं घेऊन एक म्हातारा पट्टेवाला चालत असे. एकदा चैत्रातल्या दुपारी तो संजाणच्या रस्त्यात खाली बसला आणि मला म्हणाला, "मतं सायबांची, पाय माझे." ते त्यांच्या कानावर गेलं. त्यानंतर साखळी ते स्वतः खांद्यावर घ्यायला लागले, पण पट्टेवाल्याला जीपमध्ये बसू दिलं नाही ते नाहीच. तत्त्वाची माणसं अशी असतात. जवळच्यांच्या पोटऱ्या दुखतात.

घरी जाणं-येणं होतं, कारण त्यांचं घर आमच्या आळीतच होतं. वहिनी बोलायला फटकळ. त्या म्हणत, "लग्नात वरात पायी निघाली तेव्हा मला वाटलं, घोडा आजारी असेल. पुढं कळलं की नवराच असा आहे." वहिनींची मावसबहीण चारोटीला दिलेली होती. तिच्या मुलीच्या लग्नाला वहिनी एस.टी.ने गेल्या आणि हे पहाटे पायी निघाले. ते पोचले तेव्हा अक्षता पडून जेवणाच्या पंगती उठत होत्या. वहिनींनी मांडवात सगळ्यांसमोर विचारलं, "आलात? आता बाळंतपणाला निघा, म्हणजे वेळेवर पोचाल." ते हसले आणि पाय धुवायला पाणी मागितलं. वाटेत मोहाची फुलं वेचणाऱ्या बायकांशी बोलत बसलो, म्हणून उशीर झाला, असं त्यांनी मला नंतर प्रामाणिकपणे सांगितलं.

त्यांचा एक नकाशा होता. जुन्या निळ्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी डहाणू गाव काढलं होतं, म्हणजे असावं तसं डहाणू. मोटारींचा तळ रेल्वेच्या फाटकापलीकडे, चिकूच्या वाडीला लागून. तिथून आत सगळं पायी. रस्त्याची रुंदी त्यांनी फुटांत दिली नव्हती. 'गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या दोन बायका समोरासमोर उभ्या राहून बोलतील आणि तिसरी मासळीची टोपली घेऊन बाजूनं जाईल, इतका रुंद,' असं त्यांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. ठिकठिकाणी तांबडे ठिपके होते. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "थांबायच्या जागा. ओटा, पाणी, सावली. माणूस चालतो थोडं आणि थांबतो फार. आधी थांबायच्या जागा काढायच्या. उरेल तो रस्ता."

हा नकाशा ते कुणालाही दाखवत. एकदा गवताच्या वखारीच्या शेठने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "साहेब, आमां मारी लॉरी क्यां छे?"

"फाटकाबाहेर, चिकूच्या सावलीत. निजली आहे."

"ने घास?"

"बैलगाडीत."

शेठ म्हणाला, "तमे पण गजब माणस छो," आणि त्यांना चहा पाजला. नकाशा नगरपालिकेत दोनदा देऊन झाला होता. दोन्ही वेळा तो घडीसुद्धा न मोडता परत आला.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग झरीच्या रस्त्याची मोजणी आली.

तलासरीच्या बाजाराला झरीकडून येणारा रस्ता तेव्हा कच्चा होता. दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडं, इतकी दाट की भर उन्हातही बायका डोक्यावर पदर न घेता चालत. वरच्या ऑफिसचं पत्र आलं की या रस्त्यावरची रहदारी तीन दिवस मोजून तक्ता पाठवा. तक्त्यावरून रस्ता आहे तसा ठेवायचा की रुंद करून डांबरी करायचा, ते ठरणार होतं. रुंद करायचा तर झाडं जाणार, हे सांगायला नको. मोजणीसाठी त्यांचं नाव निघालं आणि मदतनीस म्हणून माझं.

पत्र वाचून ते इतके खूश झाले की मला काही कळेना. म्हणाले, "आजवर मी नुसतं बोलत होतो. बोलण्याला कोण विचारतं? आता आकडा जाईल. या रस्त्यावर मोटारी किती आणि माणसं किती, हे सरकार एकदा बघू दे. मग ते झाडाला हात लावणार नाही. उलट कडेनं पायवाट बांधून देईल."

मी म्हणालो, "तक्त्यात माणसांचा रकाना नाही."

"नसेल. आपण आखू."

आणि त्यांनी पट्टी घेऊन तांबड्या शाईने छापील तक्त्याच्या उजव्या कडेला एक रकाना आखला. वर लिहिलं, 'पायी'.

तीन दिवस आम्ही चिंचेखाली बसलो. त्यातला मधला दिवस बाजाराचा. वाहनांच्या खुणा मी करायच्या होत्या. मला काम असं नव्हतंच. सकाळी एक लॉरी, मग बैलगाड्या, एखादी सायकल, बाकी मी माश्या वारत होतो. पायी जाणारे ते मोजत. इतक्या खुणा करणं हाताला शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी खालीच पडलेले चिंचोके गोळा केले. माणूस गेलं की एक चिंचोका पिशवीत. लाकडाच्या मोळ्या, नागलीची गाठोडी, कोंबड्या, मडकी घेऊन बायका-पुरुष सकाळपासून येत होते. ते समोर बसून प्रत्येकाकडे बघत आणि चिंचोका टाकत. देवाला फूल वाहावं तसं गंभीरपणे.

डोंगराकडच्या गावातली एक शेतकरीण डोक्यावर टोपली आणि कडेवर मूल घेऊन आली आणि थांबली. "काय रं दादा, आमाला कशाला मोजतंस? कोणाची गुरं हरवली का?"

"सरकारला सांगायचंय की तुम्ही इथून जाता."

"जातो तं. सांगायला कशाला पायजे?"

"त्यांना दिसत नाही."

ती हसली. "मंग चष्मा घेऊन दे." आणि पुढे जाता जाता मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "याला मोजू नको. हा चालत नाय."

यावर त्यांनी बराच विचार केला. मूल मोजलं नाही. लबाडीचा एकही चिंचोका पिशवीत जाता कामा नये, असा त्यांचा कटाक्ष होता. संध्याकाळी आम्ही चिंचोके दहा-दहाचे ढीग करून मोजत असू, आणि एखादा ढीग चुकला वाटलं तर ते सगळे ढीग मोडून पुन्हा सुरुवात करत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भरलेली पिशवी उचलून वजन बघितलं आणि मला म्हणाले, "हे बघा. हा रस्ता." मी माझा खुणांचा कागद दाखवला. तो जवळजवळ कोरा होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही पटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं काहीतरी पटलं होतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ऑफिसात आल्यावर मी कच्चा तक्ता डेप्युटीसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तांबडा रकाना बघितला. "हे काय खेळणं आहे? छापील नमुन्यात फेरफार चालत नाही. कोऱ्या तक्त्यावर उतरून काढा, तीन प्रतींत, आज." ओव्हरसियर त्या दिवशी वाढवणकडे एका मोरीच्या कामावर होते. विचारायला कुणी नव्हतं.

मी कोरा तक्ता घेऊन बसलो. मोटारी, लॉऱ्या, बस, बैलगाड्या, सायकली, इतर वाहने, एकूण. पायी जाणाऱ्यांना जागा नाही. गाळले तर तीन दिवसांची त्यांची मेहनत कचऱ्यात. मला वाईट वाटलं. काहीतरी करून ही माणसं वर गेली पाहिजेत, असं मला वाटलं. आणि मी ती सगळी, लाकडाच्या मोळ्या आणि नागलीच्या गाठोड्यांसकट, 'इतर वाहने' या रकान्यात बसवली. बेरीज जुळवली. खाली 'नक्कल करणार' म्हणून सही केली. साहेबांनी न वाचता सही ठोकली आणि तक्ता टपालात गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "तुमची माणसं वर पाठवली बरं का." कुठल्या रकान्यातून, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. संध्याकाळी घरी बोलावलं. वहिनींनी शिरा केला होता. "तुम्ही कारकून आहात असं वाटत नाही," असं ते म्हणाले. त्यांच्या लेखी ही फार मोठी स्तुती होती, आणि मी ती शिऱ्याबरोबर खाल्ली.

पावसाळा उलटल्यावर हुकूम आला. रस्ता अत्यंत वर्दळीचा आढळल्याने दोन्ही अंगांनी रुंद करून डांबरी करण्यास मंजुरी. दोन्ही बाजूंच्या झाडांवर क्रमांक घालून ती तोडण्यासाठी द्यावी. डेप्युटीसाहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. असल्या रस्त्याला एवढी मोठी मंजुरी कधी मिळत नाही, हे तुमच्या मोजणीमुळे झालं, असं ते म्हणाले.

ओव्हरसियरनी माझ्याकडे तक्त्याची ऑफिसकॉपी मागितली. मी काढून दिली. माझ्या टेबलाशी उभं राहूनच त्यांनी ती वाचली. 'इतर वाहने'पाशी त्यांचं बोट थांबलं. मग ते माझ्या समोरच्या स्टुलावर बसले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "तुम्ही त्यांना गाळलं नाहीत."

"नाही."

"गाळलं असतंत तर बरं झालं असतं." एवढं बोलून ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. तिरप्या अक्षरात चार ओळी. झरी रस्त्याच्या तक्त्यात पायी जाणाऱ्यांची संख्या नजरचुकीने इतर वाहनांत धरली गेली आहे, तरी मंजुरीचा फेरविचार व्हावा. नजरचूक कुणाची, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. तक्त्याखाली माझी सही होती.

ते म्हणाले, "हे गेलं तर चौकशी लागेल. तुमचं कायम होण्याचं प्रकरण वर गेलंय, ते मला ठाऊक आहे. तुमच्या वडिलांचं क्वार्टर सुटलंय, तेही ठाऊक आहे. पत्रावर माझी सही आहे. जावकला चढवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." आणि ते कामाला निघून गेले.

वडील त्या वर्षीच रेल्वेतून निवृत्त झाले होते. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं होतो आणि मिळवता मी एकटा. हे मी स्वतःला त्या आठवड्यात पुष्कळदा सांगितलं. हे सगळं खरंच होतं. पत्र मी टीपकागदाखाली सरकवलं. रोज सकाळी टीपकागद उचलून बघत होतो आणि परत ठेवत होतो. ते रोज ऑफिसात येत, आल्यावर टेबलांवरून एक फेरी मारत आणि बाहेर पडत. पत्राचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, विसरले. माणसाला सोयीचं ते वाटतं.

झाडांवर क्रमांक घालायला तेच गेले आणि नोंद करायला मी. डांबराच्या डब्यात कुंचला बुडवून ते आकडा काढत, मी मागून वहीत उतरवत होतो. आकडे इतके बारीक काढले होते की कंत्राटदार वैतागून म्हणाला, "साहेब, जरा मोठं लिवा ना, दिसत नाय." त्यांनी पुढच्या झाडावर मोठं लिहिलं.

रस्ता झाला. चांगला झाला, हे मान्य केलं पाहिजे. गवताच्या लॉऱ्या धावायला लागल्या, बस सुरू झाली, झरीचा आजारी माणूस लवकर दवाखान्यात पोचू लागला. बाजाराच्या दिवशी बायका डांबराच्या कडेच्या फुफाट्यातून, पदर डोळ्यांवर ओढून, एकामागून एक चालत. दोघींना शेजारी चालायला जागा नव्हती, म्हणून बोलणं बंद झालं होतं. हे मला दिसलं ते त्यांच्यामुळे. एरवी मला ते दिसलं नसतं.

तीनेक वर्षांनी ते निवृत्त झाले आणि गावी जायला निघाले. सामान हातगाडीवर, वहिनी हातगाडीच्या मागे, आणि आम्ही दोघं त्यांच्याही मागे, असे चालत स्टेशनवर गेलो. गाडीला वेळ होता. वहिनी ट्रंकेवर बसल्या. मी ओव्हरसियरना फलाटाच्या टोकाला नेलं आणि एकदाचं सांगितलं, "ते पत्र मी पाठवलं नाही."

"ठाऊक आहे. मी रोज सकाळी जावकचं रजिस्टर बघत होतो. आठ दिवस."

मी म्हणालो, "मग तुम्हीच दुसरं लिहून का पाठवलं नाहीत? तुम्हाला कोण अडवणार होतं?"

त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "म्हणजे? मग तुम्हाला विचारलं कशाला होतं?"

गाडीचा सिग्नल पडला. वहिनींनी हाक मारली. ते दोन पावलं गेले आणि परत वळून त्यांनी विचारलं, "कायम झालात ना?"

"झालो."

"मग चांगलं झालं. घरी सहा माणसं आहेत तुमच्या."

हे त्यांनी मला टोचायला म्हटलं असतं तर मी ते सोसलं असतं. त्यांनी ते मनापासून म्हटलं, आणि वहिनींच्या हातातली पिशवी घ्यायला गेले.